नगरहून बॉस्टनच्या पुलपिटापर्यंत

ऑक्टोबरातल्या रविवारी मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या चर्चमध्ये सकाळी दहाची घंटा होते, तेव्हा नगरमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. परदेशात संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, द्यायला निघालेल्या पाळकाने तिकीट, व्हिसा, बॅग यांच्याही आधी हे गणित पाठ करावं. कुठल्या वारी पोचायचं, कुठली आमंत्रणं नाकारायची, परतल्यावर कोणत्या रविवारी रजा मागायची, हे सगळं या साडेनऊ तासांवर ठरतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो परत साडेनऊवर येतो. हे दोन्ही बदल नेमके रविवारीच होतात. त्यामुळे त्या आठवड्यातलं आमंत्रण असेल तर उपासनेची वेळ यजमानांकडून पुन्हा विचारून घ्यावी.

नगर आणि बॉस्टन ही जोडी उगाच घेतलेली नाही. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं कार्यालय बॉस्टनला होतं. या बोर्डाच्या पहिल्या मिशनऱ्यांची दीक्षा ६ फेब्रुवारी १८१२ रोजी जवळच्याच सेलम गावात झाली. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात टिकू दिलं नाही. ते मुंबईला पोचले ११ फेब्रुवारी १८१३ला. म्हणजे एक वर्ष आणि पाच दिवस. १८३१ मध्ये मिशनचं काम नगरला आलं, १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं, आणि १९७० मध्ये या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चचे समुदाय, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. बॉस्टन परिसरातल्या, म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या, जुन्या काँग्रिगेशनल (एका प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांशी पत्रव्यवहार मात्र काही ठिकाणी टिकून राहिला. ऑक्टोबरचा पहिला रविवार हा जागतिक प्रभुभोजनाचा रविवार. त्या दिवशी परदेशी पाहुणा पुलपिटावर, म्हणजे संदेश देण्याच्या व्यासपीठावर, असावा अशी तिकडच्या अनेक मंडळ्यांची हौस असते. म्हणून निमंत्रणं बहुधा याच सुमाराला येतात.

आता कागद. निमंत्रण आलं की आनंदाच्या भरात लगेच "येतो" असं कळवलं जातं आणि व्हिसाचा विचार जूनमध्ये सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. भारतात अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाच्या मुलाखतीला तारीख मिळायला अनेकदा कित्येक महिने लागतात. ऑक्टोबरात जायचं असेल तर आदल्या डिसेंबर-जानेवारीत फॉर्म भरलेला बरा.

दोन-तीन रविवार पाहुणा म्हणून संदेश देऊन परतायचं असेल तर बी-१ व्हिसा पुरतो. सहसा तो बी-१/बी-२ असा जोडच मिळतो. अट अशी की तिकडची मंडळी पगार देत नाही, तुम्ही तिथे नेमणूक घेत नाही आणि तुमचं मानधन इथल्या डायसिसकडून (बिशपांच्या प्रांताकडून) किंवा मंडळीकडून चालूच राहतं. वेगवेगळ्या मंडळ्यांत फिरून सुवार्ता सांगणारा आणि त्या-त्या सभेत गोळा झालेल्या अर्पणावर खर्च भागवणारा पाळकही याच वर्गात बसतो. पण एखाद्या मंडळीने सहा महिने पगारी सहायक पाळक म्हणून बोलावलं असेल तर ती गोष्ट निराळी. त्यासाठी आर-१ हा धर्मसेवकांचा वेगळा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज तिकडच्या मंडळीने आधी मंजूर करून घ्यायचा असतो आणि उमेदवार त्याच संप्रदायाचा किमान दोन वर्षं सभासद असावा लागतो. "आधी बी-१ वर या, मग बघू" असं प्रेमाने सुचवणारे यजमान भेटतात. त्यांना प्रेमानेच नाही म्हणावं.

सगळा डोलारा निमंत्रणपत्रावर उभा असतो आणि बहुतेक पत्रं भावनेने ओथंबलेली पण माहितीने कोरडी असतात. पत्रात हवं ते असं: पासपोर्टवर आहे तस्संच पूर्ण नाव, कोणत्या तारखांना कोणत्या चर्चमध्ये संदेश, राहण्याची सोय कुठे, विमानभाडं कोण देणार, आणि पगार दिला जाणार नाही हे स्पष्ट वाक्य. जोडीला बिशप कार्यालयाचं पत्र: हे अमुक वर्षांपासून आमचे दीक्षित पाळक आहेत, अमुक ते अमुक रजा मंजूर आहे, मानधन चालू राहील, अमुक तारखेला ते कामावर रुजू होतील. नावांचा घोळ इथे फार होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, दीक्षापत्रावर दुसरं, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट तिसरं. तिन्ही एकाच माणसाची आहेत हे बिशपांच्या पत्रात एका ओळीत लिहून घ्यावं. 'रेव्हरंड' ही उपाधी फॉर्ममध्ये नावाचा भाग म्हणून घालू नये. तसंच पासपोर्टवर जन्मगाव अहमदनगर आणि लेटरहेडवर अहिल्यानगर असेल तर पत्रात दोन्ही नावं यावीत.

डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायला शांत दोन तास लागतात. वीसेक मिनिटं हात न लावल्यास पान बंद पडतं, म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवावा आणि दर पानावर सेव्ह करत जावं. व्यवसायाच्या यादीत धार्मिक सेवेचा पर्याय आहे, तोच निवडावा. 'शिक्षण' किंवा 'इतर' लिहून सुटका होईल असं काहींना वाटतं, पण मुलाखतीत त्याचाच गुंता होतो. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. मंडळीच्या यूट्यूब चॅनेलवर तुमचे संदेश असतील तर तेही आठवावं. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. फी १८५ डॉलर, जून २०२३ पासून. बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा सहसा दोन वेगळ्या भेटी असतात, आणि मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. मोबाइल आत नेता येत नाही. नगरहून एकट्याने गेलात तर फोन कुठे ठेवायचा हा प्रश्न तिथल्या फुटपाथवर सोडवायची वेळ येते, म्हणून सोबत कुणीतरी असावं.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. अधिकाऱ्याला तुमच्या पाचारणाची साक्ष ऐकायची नसते. त्याला एवढंच पटायला हवं असतं की हा माणूस परत येईल. "मला तीन मंडळ्यांनी तीन रविवार संदेश द्यायला बोलावलंय, पगार इथून चालू आहे, २० तारखेला परत येतोय, माझ्या मंडळीत इतकी कुटुंबं आहेत" एवढं पुरे. नकार आला तर बहुधा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी)खाली येतो. इथली मुळं पुरेशी घट्ट दिसली नाहीत, असा त्याचा अर्थ. पुन्हा अर्ज करता येतो, फी मात्र पुन्हा भरावी लागते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. संदेश देणारी व्यक्ती दीक्षित पाळक नसून सरकारी नोकरीतली असेल, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, आणि यजमान मंडळी तिकीट व राहणं देणार असेल, तर ते परकीय आदरातिथ्य ठरतं. त्यासाठी एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्या आणि आदरातिथ्याविषयीच्या भारतीय कायद्याच्या, कलम ६ नुसार केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. खात्याची रजा मंजूर होणं वेगळं आणि ही परवानगी वेगळी.

तिकीट काढताना दोन चुका सारख्या होतात. पहिली तारखेची. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "गुरुवार ०४:००" असेल तर घर बुधवारी संध्याकाळी सोडायचं असतं. गुरुवारी रात्री बॅगा घेऊन निघालेली माणसं विमानतळावर पोचतात, तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. दुसरी चूक म्हणजे स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढणं. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी परत द्यावं लागतं. या खटाटोपाला तीन तास धरावेत. एकच तिकीट असेल तर जोडविमान चुकलं तरी पुढची सोय कंपनी करते. वेगळं असेल तर तो तुमचा प्रश्न. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि बॉस्टनला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. पण त्या रांगेसाठी अबू धाबीत किमान तीन तास हातात हवेत. दीड तासाची जोडणी तिकिटाच्या संकेतस्थळाने दाखवली तरी घेऊ नये.

आता नगरच्या घरापासून यजमानांच्या दारापर्यंतच्या चौतीस तासांचा हिशोब. बुधवारी संध्याकाळी पाचला नगर सोडायचं. शिरूर, शिक्रापूर, चाकण, तळेगाव आणि मग एक्स्प्रेसवे. चाकणची कोंडी आणि बोरघाट धरून सात तास ठेवावेत. रस्ता मोकळा मिळाला तर पाचातही होतं, पण त्यावर विमान लावू नये. काही जण माळशेज-कल्याणमार्गे जातात. पावसाळा लांबलेला असेल तर रात्री तो घाट नको. विमानतळावर चार तास, अबू धाबीपर्यंत सव्वातीन, तिथे चार, मग बॉस्टनपर्यंत चौदाच्या आसपास, आणि गाडीने गावापर्यंत दीड. गुरुवारी दुपारी पावणेचारला विमान टेकतं तेव्हा नगरमध्ये शुक्रवारचा पहाटेचा सव्वाचा सुमार असतो. रविवारच्या उपासनेसाठी गुरुवार हा शेवटचा दिवस धरावा. बुधवारी पोचता आलं तर उत्तम. "शनिवारी संध्याकाळी पोचतो, सकाळी संदेश देतो" हे पस्तिशीतल्या पाळकालाही झेपत नाही. मुंबईचं विमान चार तास उशिरा सुटून जोडविमान चुकलं तर पुलपिट रिकामंच राहतं.

केबिन बॅगेत काय हवं याचा नियम साधा: मोठी बॅग हरवली तरी रविवारी उभं राहता आलं पाहिजे. म्हणजे झगा, स्टोल आणि कॉलर, एक जोड कपडे, सर्व औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चष्म्याची दुसरी जोडी, आणि छापलेला संदेश. संदेश इथूनच छापून न्यावा, १६ पॉइंटात, पाठकोरा, पानांना क्रमांक घालून. तिकडचा कागद ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि आखूड असतो. ए-फोरची फाइल तिथे छापली की कधी खालच्या ओळी कापल्या जातात, कधी अक्षर बारीक होतं, आणि हे रविवारी सकाळी साडेनऊला कळतं. पॉवर बँक केबिनमध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही. वीज तिथे १२० व्होल्टची असते. मोबाइलचा चार्जर नुसता पिन-अडॅप्टर लावून चालतो, पण इथली इस्त्री किंवा पाण्याची किटली नेऊ नये.

मोठ्या बॅगेतलं खाणंपिणं हा नाजूक विषय. कढीपत्ता नेऊ नये. तो लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला असल्याने त्यावरून रोग जाण्याची भीती असते आणि तो सरळ काढून घेतात. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थही नकोत. सुकं बोंबील-सुकट "कुणाला कळणार" म्हणून नेण्यापेक्षा जे असेल ते जाहीर करावं. जाहीर केलेल्या वस्तूला फार तर नकार मिळतो, लपवलेलीला दंड.

विमानातल्या जेवणाबद्दल थोडं. 'हिंदू मील' मागवलं तर बहुतेक कंपन्यांत भारतीय पद्धतीचं, गोमांस नसलेलं पण मांसाहारी जेवण येतं. पुष्कळ पाळक नावावरून ते शाकाहारी समजून टाळतात, नाहीतर झगा-कॉलर बॅगेत असताना हे नाव सांगायला संकोचतात. मटण-भात हवा असेल तर तेच मागवावं. विशेष जेवणाची नोंद किमान २४ तास आधी करावी लागते.

प्रवासात शरीराचं जे होतं त्यात पाळकासाठी सर्वांत महत्त्वाचा घसा. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता साधारण २० टक्क्यांच्या खालीच. स्वरतंतूंवरचा ओलावा कमी होतो. त्यात इंजिनाच्या घरघरीवर मात करायला माणूस नकळत आवाज चढवतो. शेजारच्या प्रवाशाशी तीन तास गप्पा म्हणजे तीन तास सभा घेतल्यासारखंच. म्हणून विमानात कमी बोलावं, दर तासाला थोडं-थोडं पाणी प्यावं, नाका-तोंडावर मास्क ठेवला तर स्वतःच्याच श्वासाचा ओलावा टिकतो. कुजबुजणं हा उपाय नव्हे, त्यानेही ताण पडतो. सारखं खाकरणं तर त्याहून वाईट. मेंथॉलच्या गोळ्या थंडावा देतात पण घसा आणखी कोरडा करू शकतात. पोचल्यावर ऑक्टोबरात घराघरांतून हीटर सुरू झालेले असतात, तिथेही हवा कोरडीच. रात्री उशाशी पाणी आणि सकाळी गरम पाण्याची वाफ, इतकं पुरतं.

पाय सुजतात. पन्नाशीपुढचे, वजन जास्त असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले यांनी घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घालावेत. बाकीच्यांनी दर दीड-दोन तासांनी उठून चार फेऱ्या माराव्यात, म्हणून चालण्याच्या वाटेलगतची सीट घ्यावी, खिडकीची नको. ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. झोपेची गोळी तर पहिल्यांदा विमानात मुळीच नको. मधुमेह असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना एक वाक्य सांगावं: "जाताना माझा दिवस साडेतेहतीस तासांचा होणार आहे." डोस कसे पसरायचे ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावं. विमानातल्या जेवणाच्या वेळांवर इन्शुलिन सोडू नये.

झोपेचं असं. पहाटे चारचं विमान म्हणजे ती रात्र गेलीच. अबू धाबीहून पुढचं विमान भारताच्या वेळेने सकाळी अकराच्या आसपास निघतं. त्यात पहिले चार-पाच तास झोपून घ्यावं आणि नंतर जागं राहावं. उलट केलं, म्हणजे आधी सिनेमे आणि शेवटी झोप, तर बॉस्टनला उतरताना डोळे उघडत नाहीत आणि रात्री नऊला टक्क जाग असते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर "वर्क" हा शब्द वापरू नये, आणि "टुरिस्ट" असंही सांगू नये. दोन्ही खरं नाही. पाहुणा पाळक म्हणून चर्चमध्ये बोलायला आलोय, पगार नाही, अमुक तारखेला परत, हे खरं आणि पुरेसं. निमंत्रणपत्र हातात असावं, मोबाइलमध्ये नव्हे. व्हिसा कितीही वर्षांचा असो, किती दिवस राहायचं ते इथे ठरतं. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत पाहावी आणि छापून ठेवावी.

पोचल्यानंतरच्या तीन दिवसांत काय करायचं हे उलटं वाटेल, पण करून बघण्यासारखं आहे. पश्चिमेकडे गेल्यावर शरीराची झोपेची वेळ लांबवायची असते, आणि त्याला मदत करतं दुपारनंतरचं ऊन. दुपारी तीन ते सहा हीच वेळ झोप सर्वांत जास्त ओढणारी, आणि हीच बाहेर चालायची. बॉस्टनला ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. त्यानंतर दिवे मंद, जेवण हलकं, नऊला आडवं व्हायचं. पहाटे तीनला जाग येणारच. तेव्हा मोबाइल न उघडता अंथरुणातच पडून राहावं. घरी फोन करायचा मोह होतो, कारण नगरमध्ये दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि सगळे जागे असतात. पण एक फोन झाला की झोप गेली. दिवसाला साधारण दीड तास या वेगाने शरीर सरकतं. म्हणजे गुरुवारी पोचलेला माणूस रविवारपर्यंत अर्ध्यावरच असतो.

आणि याचाच फायदा घ्यायचा. रविवारी सकाळी दहाला तुमच्या शरीरात दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतात. डोकं स्वच्छ, आवाज मोकळा. पुलपिटावर काही बिघडत नाही. घोळ होतो तो दुपारनंतर. यजमान अत्यंत प्रेमाने कार्यक्रम आखतात: सकाळी साडेआठची छोटी उपासना, साडेनऊला मोठ्यांचा शास्त्रवर्ग, दहा किंवा अकराची मुख्य उपासना, मग कॉफी, एकला सामुदायिक जेवण, तीनला "भारताविषयी गप्पा", सहाला तरुणांची सभा. सहाच्या सभेच्या वेळी तुमच्या आत मध्यरात्र जवळ आलेली असते. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौलाचं भाषण लांबलं आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तिथे निदान ऐकणारा झोपला होता. पहिल्या रविवारी दुपारी दोननंतर काहीही ठेवू नका, असं निमंत्रण स्वीकारतानाच लिहावं. दुसऱ्या रविवारी संध्याकाळची सभा खुशाल घ्यावी.

संदेशाच्या वेळेबद्दल भ्रम नको. आपल्याकडे चाळीस मिनिटं कुणी हलत नाही. तिकडच्या काँग्रिगेशनल मंडळीत १५ ते २० मिनिटं म्हणजे तेवढीच. इंग्रजीत मिनिटाला ११० शब्द धरले तर १८ मिनिटांना दोन हजार शब्द. त्या रविवारचे शास्त्रपाठ आधी मागून घ्यावेत. बऱ्याच मंडळ्या तीन वर्षांच्या पाठावलीप्रमाणे, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता पाठ याच्या ठरलेल्या यादीप्रमाणे, चालतात आणि गीतंही त्यावर बेतलेली असतात. कोणतं इंग्रजी भाषांतर वाचतात तेही विचारावं, म्हणजे वाचलेला शब्द एक आणि संदेशातला दुसरा असं होत नाही. मराठी वचन एखादं मराठीतच म्हणावं. योहान ३:१६ ऐकताना लोक अक्षरशः पुढे सरसावून बसतात.

मुलांसाठीचा संदेश हा वेगळा प्रकार. मुख्य संदेशाआधी मुलं पायऱ्यांवर येऊन बसतात आणि पाहुण्याला तीन-चार मिनिटं बोलायला सांगतात, कित्येकदा आयत्या वेळी. एखादी वस्तू खिशात असावी. पितळी घंटी, पाच रुपयांचं नाणं, देवनागरीत लिहिलेलं येशूचं नाव, काहीही चालतं.

आपल्या इंग्रजीतले काही शब्द तिथे भलतंच सांगतात. "आय पास्ड आउट फ्रॉम सेमिनरी" म्हटलं तर लोकांना तुम्ही तिथे बेशुद्ध पडलात असं वाटतं. लाख-कोटी कळत नाहीत, "हंड्रेड थाउजंड" म्हणावं. प्रभुभोजनात बहुधा द्राक्षरस छोट्या पेल्यांतून बाकांवरच फिरवला जातो आणि सगळ्यांनी एकदम घ्यायचा असतो. वेदीपाशी गुडघे टेकायला कुणी येत नाही, तेव्हा वाट पाहत उभं राहू नये. आदल्या दिवशी चर्चमध्ये जाऊन माइक लावून पाहावा. कॉलरच्या माइकला झग्याची सुरकुती घासली की थेट प्रक्षेपणात तेवढंच ऐकू येतं.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे चांगली माणसं अडकतात. संदेशानंतर कुणीतरी लिफाफा हातात देतं, "तुमच्या मंडळीच्या शाळेसाठी". तो घेऊन बॅगेत टाकून आणायचा नाही. भारतातल्या संस्थेसाठी आलेलं परदेशी दान एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावं लागतं. रोखीने नाही, पाळकाच्या वैयक्तिक खात्यातून नाही, भावाच्या खात्यातून तर नाहीच. ज्यांच्याकडे नोंदणी आहे त्यांनी खात्याचा तपशील छापून न्यावा आणि देणाऱ्याला द्यावा. नाही त्यांनी हात जोडून सांगावं की आमच्यासाठी प्रार्थना करा. पुलपिटावरून इमारत निधीचं आवाहन करू नये, व्हिसाच्या दृष्टीनेही ते बरं दिसत नाही. प्रवासखर्चासाठी मिळालेलं अर्पण वेगळं, त्याची पावती किंवा पत्र घ्यावं. सेमिनरीत व्याख्यान दिलं तर मानधनाला वेगळा नियम आहे: एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्था नाहीत. भारतात परतताना पाच हजार डॉलरांपेक्षा जास्त नोटा जवळ असतील तर कस्टमला जाहीर कराव्या लागतात.

आजारी पडलात तर? विमा घेताना फक्त रक्कम बघू नये. रक्तदाब, साखर असे आधीचे आजार त्यात धरलेत का, ते कलम वाचावं. तिकडे आपत्कालीन विभागात नुसतं पाऊल टाकण्याचं बिलही इथल्या पाळकाच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढं होऊ शकतं.

परतीबद्दल कुणी बोलत नाही. सोमवारी रात्री दहाला बॉस्टन सोडलं की मुंबईत बुधवारी पहाटे दोनच्या सुमारास उतरणं होतं, मधला मंगळवार जवळजवळ नाहीसा होतो. पूर्वेकडे येताना शरीर जास्त हळू सरकतं, दिवसाला तासभर. नऊ-दहा दिवस लागतात. त्या रात्री लगेच गाडी करून नगरला निघू नये. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर जागा असेलही, पण पुष्कळदा घरचाच कुणी स्वतः गाडी घेऊन न्यायला आलेला असतो आणि पहाटे चारला एक्स्प्रेसवेवर त्याचेही डोळे मिटतात. सकाळपर्यंत मुंबईतच कुठेतरी पडावं.

आणि येणारा रविवार. मंडळी आतुर असते, फलकावर नाव लागलेलं असतं, "पाळकसाहेब अमेरिकेचे अनुभव सांगतील". सकाळी दहाला उपासना सुरू होते तेव्हा बॉस्टनमध्ये शनिवारची रात्र साडेबारा असते. चार दिवसांत शरीर थोडंफार सरकलेलं धरलं तरी आत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे चोवीस तासांतली सर्वांत जड वेळ. अमेरिकेतल्या पुलपिटावर न अडखळलेली माणसं इथे आपल्याच मंडळीसमोर शास्त्रभाग चुकीचा काढतात, मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं विसरतात, प्रभुभोजनाच्या विधीत एक ओळ गाळतात. त्या रविवारासाठी दुसऱ्या पाळकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावं, आणि अनुभवाचा कार्यक्रम त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला लावावा.